सही व्हायच्या आधी

मी बास्केटबॉलच्या खेळाडूंचे करार बघते, असं सांगितलं की सोलापुरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे बॉल पुरवता काय?" एका लग्नात तर नवरीच्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आमच्या सोसायटीत पोरांसाठी रिंग बसवायची आहे, तुमच्याकडे काय भाव पडेल? मी म्हटलं, मामा, मी रिंगा विकत नाही, रिंगेत बॉल टाकणारी माणसं विकते. मामा दोन पावलं मागे सरकले ते जेवणाच्या पंगतीपर्यंत जवळ आले नाहीत.

गंमत म्हणून बोलले, पण ते खरं नाही. खेळाडू विकला जात नाही. तो स्वतःच्या अंगातली चांगली वर्षं भाड्याने देतो, आणि ती देताना कागदावर काय लिहून घ्यायचं ते मी बघते. बघत होते, असं म्हणायला हवं. अलीकडे नवीन कुणाचं काम घेत नाही.

मूळची मी मुलींच्या शाळेतली खेळाची शिक्षिका. तरुणपणी राज्याच्या संघातून खेळले. उंची पाच फूट दोन इंच, त्यामुळे माझ्याशी बोलताना माझ्या खेळाडूंच्या मानेला रग लागायची. मला मात्र वर बघून ओरडायची सवय लागली, आणि ती घरातही गेली नाही. आमचे हे म्हणायचे, "अगं, मी साडेपाच फूट आहे, इथं समोर बघून बोल."

करारांच्या वाटेला लागले ती रागामुळे. आमच्या मैदानावर वाढलेला एक मुलगा दूरच्या एका संघात गेला. जाताना सगळ्यांच्या पाया पडला, पेढे वाटले, आणि दिवाळीच्या आत परत आला. आठवड्याची आगाऊ सूचना देऊन संघाला केव्हाही काढता येईल, असं त्याच्या करारात स्वच्छ लिहिलं होतं. मी विचारलं, "वाचलं नव्हतंस?" तर म्हणाला, "मॅडम, सही कुटं करायची तेवढं वाचलं." त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे आपल्या मैदानावरून जाणाऱ्या पोरांचा कागद आधी मी वाचणार. वाचता वाचता भांडायला लागले, आणि भांडता भांडता लोक मला त्यातली जाणकार समजायला लागले. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या बाईला भांडायला वेगळं शिकावं लागत नाही.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडे बास्केटबॉलवर पोट भरायचे मार्ग दोन. एक म्हणजे एखादं सरकारी खातं किंवा बँक. तिथे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळते, पगार बेताचा, पण गुडघे गेले तरी खुर्ची राहते. दुसरा मार्ग खाजगी लीगचा. तिथे पैसा बरा, टीव्हीवर चेहरा, गावात नाव, पण सगळं कराराच्या मुदतीपुरतं. मुदत संपली की खेळाडू मोकळा होतो, कुणाशीही बोलू शकतो. ऐकायला फार छान वाटतं. दावं सुटलेल्या वासरालाही पहिल्यांदा वाटतं की सगळं रान आपलंच. संध्याकाळी कळतं, वैरण गोठ्यात होती.

मोकळा होण्याच्या त्या दिवसांत खेळाडूचं सगळं नशीब ठरतं, आणि माझी खरी कसोटीही तेव्हाच लागायची. घरचे लोक विचारतात, किती मिळणार? मी विचारते, किती वर्षं मिळणार, आणि पोरगा पडला तर काय? हा शेवटचा प्रश्न कुणालाच आवडत नाही. आईबाप म्हणतात, अहो मॅडम, शुभ बोला की. पण पडलो तर काय, हे कलम करारात असेल तर दुखापतीनंतरही पगार चालू राहतो, संघाचा डॉक्टर उपचार करतो, व्यायाम करून घेणारा माणूस मिळतो. नसेल तर खेळाडू स्ट्रेचरवरून थेट घरी. माझं निम्मं आयुष्य या एका कलमासाठी भांडण्यात गेलं.

मजेचेही दिवस होते. करकंबची एक उंच मुलगी दक्षिणेतल्या एका संघात होती. खेळ उत्तम, पण दर महिन्याला रडत फोन. तिला तिथला भात उतरत नव्हता. वजन घटलं, खेळ घटला. करार संपला तेव्हा संघाला ती हवीच होती, आणि तिला पळून यायचं होतं. मी पगारावर एक शब्द न बोलता एकच अट घातली. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिला ज्वारीचं पीठ आणि तवा मिळाला पाहिजे. त्यांच्या वकिलाने तीनदा विचारलं की ज्वारी हे औषध आहे का. शेवटी लिहून दिलं. पुढच्या हंगामात तिच्यासोबत निम्मा संघ भाकरी आणि शेंगाची चटणी खायला लागला, आणि करकंबहून चटणीचे डबे पाठवता पाठवता तिची आई वैतागून गेली.

आणि ते टेंभुर्णीकडचे एक शेठ. वाहतुकीच्या धंद्यात पैसा मिळाला, म्हणून त्यांनी एका छोट्या लीगमधल्या संघात भागी घेतली होती. बोलणी करायला आले ते खिशात टेप घेऊन. माझ्या खेळाडूला भिंतीला उभं केलं, मापलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी सांगितला हुता सहा फूट पाच. ह्यो भरतोय सहा चार. इंचाचं काय ते कमी करा की." मी म्हटलं, शेठ, ट्रक घेताना लांबी बघता की इंजिन? ते मनापासून हसले, आणि कमी काही केलं नाही. अशी माणसं मला आवडायची. ती जे काही करायची ते समोरासमोर करायची.

आता सिद्धारामचं सांगते. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले आहे. बाकीचं म्हणजे मैदानात उतरण्याआधीचं अंग गरम करणं.

सिद्धाराम होटगीचा. वडील मल्लप्पा रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत. सगळी उमेद उन्हात खडी सारण्यात गेली. घरात कानडी, बाहेर मराठी. मुलाला ते 'तम्मा' म्हणायचे. आईविना वाढवलेला एकुलता एक मुलगा. शाळेच्या शिबिरात मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच तो दाराला वाकून आत येत होता. शांत, कमी बोलणारा, आणि उडी अशी की खाली यायचं विसरलाय की काय असं वाटावं.

तो दक्षिणेतल्या एका संघात तीन हंगाम खेळला. दुसऱ्या हंगामाच्या मध्यात त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते संघाच्याच डॉक्टरने केलं, आणि चांगलं केलं. तो परत उभा राहिला, खेळला. पण गुडघा एकदा उघडला की पुन्हा आधीसारखा होत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. अशा वेळी त्याचा करार संपत आला.

त्याच्यासमोर तीन वाटा होत्या. एका सरकारी खात्याचा निरोप होता, यंदा नाही तर पुढच्या वर्षी निवड चाचणीला या, जागा आहे. उत्तरेकडच्या एका नव्या संघाने जवळपास दीडपट पैसे देऊ केले होते, पण एकच वर्ष, आणि दुखापतीचं कलम जुन्या दुखण्याला लागू नाही असं म्हणत होते. आणि जुना संघ होता. पैसे तेवढेच, पण गुडघा त्यांच्या ओळखीचा, डॉक्टर त्यांचा.

सिद्धाराम म्हणाला, "मॅडम, अजून दोन वर्षं खेळू द्या. मग बसतो की खुर्चीवर." मलाही ते पटलं. मी आखलेला डाव साधा होता. जुन्या संघाला करारानुसार पहिला हक्क होता, म्हणजे दुसऱ्या कुणाची लेखी मागणी आली की ती आधी त्यांना दाखवायची. नव्या संघाची मागणी मी त्यांना दाखवली आणि म्हटलं, आम्हाला हे दीडपट पैसे नकोत. तुम्ही दोन वर्षं द्या, आणि उजव्या गुडघ्यासकट पडलो तर काय हे कलम द्या. एवढं दिलंत तर मुलगा कुठंही जात नाही.

तिथले व्यवस्थापक थॉमस म्हणून होते. सरळ माणूस. ते म्हणाले, "मला मान्य आहे. सोमवारी मालकांपुढे ठेवतो, ते हो म्हणतील. फक्त एक लक्षात ठेवा. आमचे मालक मानी आहेत. हा खेळाडू दुसरीकडे निघालाय असं बाहेर कळलं, तर निघालेल्याला ते विनवणार नाहीत. सोमवारपर्यंत कुठं बोलू नका."

सोमवारला तीन-चार दिवस होते. मी सिद्धारामला बजावलं, मित्रांना नाही, मैदानावर नाही, कुणाला नाही. तो म्हणाला, व्हय. आणि त्याने शब्द पाळला. फक्त वडिलांना सांगितलं, कारण बापापासून काय लपवायचं? तेही अर्धवट सांगितलं. संघाचं आणि गावाचं नाव सांगून म्हणाला, अप्पा, वरच्या बाजूचा एक मोठा संघ मला मागतोय, अजून काय ठरलं न्हाय.

मल्लप्पांनीही ते कुणाला सांगितलं नाही. एक शौकत सोडून. शौकत त्यांच्या शेजारचा, लहानपणी सिद्धारामला खांद्यावर घेऊन फिरलेला. त्याचं सोलापुरात फलक छापायचं दुकान. आमच्याकडे त्या मोठ्या रंगीत फलकाला डिजिटल म्हणतात. वाढदिवस असो, निवड असो की दहावा असो, चौकात डिजिटल लागल्याशिवाय गोष्ट घडली असं कुणी मानत नाही. मल्लप्पा त्याच्याकडे गेले ते एवढंच विचारायला, की त्या गावाकडे तुझी पाहुणेमंडळी आहेत म्हणतोस, तर तिथलं पाणी कसं आहे, थंडी किती असते, पोराच्या अंगाला सोसेल का.

बापाच्या त्या काळजीत शौकतला जे दिसलं ते त्याने रविवारी सकाळी गावच्या तिठ्यावर टांगलं.

मला तो फोटो मोबाइलवर आला तेव्हा मी पोळ्या करत होते. वीस फुटी डिजिटल. मधोमध सिद्धाराम उडी मारलेला, आणि अंगात नव्या संघाचा पोशाख! तो पोशाख त्याने जन्मात घातला नव्हता. शौकतने संगणकावर चढवला होता. वर लिहिलेलं, 'होटगीच्या मातीतला वाघ, उत्तरेच्या संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांची गोल गोल छायाचित्रं, निम्मं गाव. आणि त्या सगळ्यांच्या मधे, सगळ्यांत मोठ्या गोलात, मल्लप्पा. कधीकाळच्या ओळखपत्रावरचा फोटो असावा. डोळे ताणून समोर बघणारे.

गॅस बंद केला. तेवढ्यात थॉमसांचा फोन. त्यांच्या संघातल्या कुणीतरी अभिनंदन म्हणून तोच फोटो खेळाडूंच्या ग्रुपवर टाकला होता. ते चिडले नाहीत, त्याचंच मला वाईट वाटलं. म्हणाले, "मालकांनी अजून पाहिलं नाही. आत्ता तो बोर्ड उतरवा. मुलाला आमच्या जर्सीत एक फोटो टाकायला सांगा, लिहायला सांगा की ही बातमी चुकीची आहे, मी कुठं जात नाही. एवढं आज झालं तर मी सांभाळून घेईन."

मी रिक्षा करून होटगी गाठली. वाटेत तोच डिजिटल डोक्यावरून गेला. खाली पोरं सेल्फी काढत होती.

मल्लप्पांच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. आत ते खुर्चीवर बसलेले, डोक्याला भगवा फेटा, गळ्यात हार, मांडीवर दोन-तीन नारळ आणि शाली. गावातलं कुणी ना कुणी येत होतं, हात जोडत होतं. मला बघून ते उठायला गेले, तर नारळ घरंगळले. "या मॅडम, या या. तुमचीच किरपा हाय ही. तम्मा, मॅडमला पाणी दे." एवढं बोलून डोळे पुसायला लागले.

शौकत पुढे आला. मी त्याला दटावायला तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा असा फुललेला की आवाज खाली आणावा लागला. तरी म्हटलं, "अहो, अजून सही झालेली नाही. कुणाला विचारून लावलंत?"

"विचारायचं काय मॅडम त्यात? खुशी की बात हाय, लपवून कशाला ठेवायची? जिंदगीत एवढे डिजिटल छापले, निम्मे वाढदिवसाचे आन् निम्मे दहाव्याचे. पैली बार कुणीतरी खरंच कायतरी केलंय म्हणून छापला. एक पैसा बी घेतला न्हाय."

"तो आज उतरवावा लागेल," मी म्हटलं.

"का? रस्त्याला आडवा यायलाय का? जरा बाजूला घेतो की."

सिद्धारामने मला हाताने खुणावलं. आम्ही मागच्या बाजूला लिंबाखाली गेलो. थॉमसांनी सांगितलेलं सगळं मी त्याला सांगितलं, शब्दही न गाळता. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बोर्ड न्हाय काढायचा, मॅडम."

"वेडा आहेस का? पैशाचं सोड. गुडघ्याचं काय?"

"अप्पांचं तोंड बघितला का तुमी?" तो म्हणाला. "आयुष्यभर गँगमन. गावात कुणी नावानं हाक मारली न्हाय. आज सकाळपासून सरपंचापासून समदे घरी यायलेत. मी आता बोर्ड उतरवला, वर लिवलं की बातमी खोटी हाय, तर उद्या अप्पा रस्त्यानं चालतील कसं? लोक म्हनतील, बाप थापा मारतोय."

ज्याला आमच्या भागाची माहिती नाही त्याला हे पोरकट वाटेल. पण लागलेला डिजिटल मुदतीआधी उतरला की त्याचे आमच्याकडे दोनच अर्थ होतात. एक तर माणूस फसला, नाही तर माणसाने फसवलं. ज्यांचे गोल फोटो त्यावर होते, त्या निम्म्या गावाने मल्लप्पांना ते आयुष्यभर ऐकवलं असतं. मला हे सगळं कळत होतं. म्हणून मला त्याचा राग आला आणि त्या रागाचा उपयोग होईना.

मी शेवटचं म्हटलं, "मी सांगते तुझ्या वडिलांना. त्यांना कळलं तर ते स्वतः शिडी लावून उतरवतील."

"तेच तर," तो म्हणाला. "ते उतरवतील. म्हनून त्यांना सांगू नका. शपथ हाय तुमाला."

गुडघा त्याचा, करार त्याचा, बाप त्याचा. माझ्या धंद्यात शेवटची मर्जी खेळाडूची असते, हे मीच दरवेळी सगळ्यांना सुनावत आलेली. मी आत गेले, मल्लप्पांनी दिलेला पेढा खाल्ला आणि घरी आले.

सोमवारी थॉमसांचा दोन ओळींचा निरोप आला, खेळाडूला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. त्यानंतर नव्या संघाचा तरुण मॅनेजर फोनवर आला, आवाजात मध. "मॅडम, बोर्ड पाहिला, फार सुंदर. आमच्या मालकांनी तर संघाच्या ऑनलाइन पानावर टाकला. आता ते दुखापतीचं कलम वगैरे तुम्ही म्हणत होता, ते राहू द्या ना. गावात पेढे वाटून झाले आहेत." त्याची काही चूक नव्हती. समोरच्याला दुसरं दार उरलेलं नाही हे कळल्यावर मीही हेच केलं असतं. मी तासभर भांडले, आणि आम्ही त्यांच्या अटींवर सही केली.

सिद्धाराम तिकडे छान खेळला. हे सांगायलाच हवं, कारण लोक आता फक्त शेवट सांगतात. हंगामाचा पहिला अर्धा भाग त्याने गाजवला. मी मोबाइलवर प्रत्येक सामना बघायची. मल्लप्पा शौकतच्या दुकानात बसून बघायचे. मग एका सामन्यात तो रिंगेवरून परत आलेला बॉल घ्यायला उडाला, बॉल घेतला आणि एकाच पायावर खाली आला. कुणाचा धक्का लागला नव्हता. तो खाली बसला आणि हाताने खूण केली, मला उचला. ती खूण बघितली आणि मला कळलं.

संघाने करारात लिहिलं होतं तेच केलं. जुनं दुखणं, जबाबदारी आमची नाही. महिन्याभरात तो होटगीला परत आला. मी इकडे तिकडे फोन केले, थॉमसांनाही केला. त्यांनी डॉक्टरची गाठ घालून देतो म्हटलं, पण संघाबाहेरच्या माणसासाठी ते तरी किती करणार? ऑपरेशन इथेच झालं, आणि उशिरा झालं. पण अशा गुडघ्याला ऑपरेशनपेक्षा नंतरचे महिने महत्त्वाचे. रोज समोर उभं राहून, ओरडून, वाकवून घेणारा जाणता माणूस लागतो. जुन्या संघाकडे तो होता, पहिल्या वेळी त्यानेच याला उभं केलं होतं. होटगीत कोण करणार? मल्लप्पा तेल चोळायचे. मी आठवड्यातून दोनदा जायची, पुस्तकात वाचून व्यायाम करून घ्यायची. गुडघा अर्ध्यावर येऊन अडकला तो अडकलाच. पुढच्या वर्षी सरकारी खात्याची चाचणी आली. तिथे पळून दाखवावं लागतं. तो गेलासुद्धा नाही.

आता तो एका खाजगी शाळेत लहान पोरांना खेळ शिकवतो, हंगामी म्हणून. मैदानाच्या मधोमध उभा राहतो आणि शिट्टी वाजवतो. पोरं त्याच्याभोवती पळतात. मी एकदा कुंपणाबाहेरून बघितलं आणि आत न जाता परत आले. त्याचा खेळ मी पाहिलेला आहे. एवढा मोठा खेळाडू या मैदानांवर मला पुन्हा मिळाला नाही, आणि ज्या एका कलमासाठी मी जगाशी भांडत आले ते त्याला देता आलं नाही. कुणाच्या दुष्टपणामुळे गेलं असतं तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या. इथे सगळ्यांनी प्रेमच केलं, आणि त्या प्रेमापुढे माझा कागद टिकला नाही. त्यानंतर कामातलं माझं मन उडालं.

गेल्या थंडीत मल्लप्पा माझ्याकडे आले, एकटेच. कधी न येणारा माणूस. पिशवीत वाटाण्याच्या शेंगा आणल्या होत्या. खुर्चीत बसले ते अगदी कडेला. चहा दिला, तो हातातच राहिला. थोडा वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले,

"मॅडम, जुन्या संघातला एक पोरगा तम्माला भेटायला आलता. तम्मा शाळेत हुता. आमीच बोलत बसलाव. त्यो म्हनला, त्या येळी त्यांचा साहेब दोन वर्सं द्यायला तयार हुता. पाय मोडला तर औषधपानी बी. पर बोर्ड बघून मालक बिनसला म्हनं."

मी पिशवीतल्या शेंगा परातीत ओतल्या आणि रिकामी पिशवी त्यांच्याजवळ ठेवली.

"तुमी आलता त्या दिवशी. बोर्ड उतरवा म्हनलात. मला वाटलं, रस्त्याला आडवा यायलाय म्हनून. मी फेटा बांधून बसलो हुतो." कप बशीत ठेवला. "खरं सांगा. त्यो बोर्ड त्या दिवशी उतरवला असता, तर माझा तम्मा आज खेळत असता का?"

इतकी वर्षं मी कितीतरी आईबापांना तोंडावर खरं सांगितलं आहे. तुमचा मुलगा वरच्या संघात टिकणार नाही, तुमच्या मुलीला वशिल्याने घेतलंय, यावर सही करू नका. त्या सवयीप्रमाणे माझ्याजवळ खरं उत्तर तयार होतं. बहुतेक खेळत असता. गुडघा कदाचित तसाही गेला असता, पण त्याला परत उभं करणारी माणसं पगारावर असती, आणि आज तो शिट्टी वाजवत नसता.

"नाही," मी म्हटलं. "गुडघा आधीच गेलेला होता, मल्लप्पा. कुठंही असता तरी हेच झालं असतं. बोर्डाचा काही संबंध नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली घेतली नाही, तेवढं मला जमलं.

"आसं व्हय," ते म्हणाले. चहा एका दमात प्याले, पिशवी घडी करून खिशात घातली आणि उठले. दाराशी चप्पल पायात सरकवताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तम्माला बी इचारलो हुतो. त्यानं बी हेच सांगितलं. शब्दाला शब्द. तुमच्या दोघांचं बोलनं झालंवतं का ह्याच्यावर?"

"नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

मल्लप्पांनी मान हलवली. "मग खरंच आसंल," म्हणाले, आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागले. त्यांनी ते मानलं, की आम्हा दोघांची लाज राखली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.